काळ्या दगडावरची पांढरी रेघ

१९०८ सालच्या ऑगस्टअखेरीस बेल्जियमच्या भूवैज्ञानिक संस्थेची मंडळी आर्देनच्या डोंगराळ मुलखात अभ्यास-सहलीला गेली होती. सहा दिवसांच्या त्या दौऱ्यात बास्तोन्य गावाजवळच्या खाणी बघायच्या होत्या. तिथल्या दगडात त्यांना जे दिसले, त्यावर पुढे शंभर वर्षे वाद होत राहिला.

दिसले ते असे. पाटीच्या काळपट दगडात वालुकाश्माचा एक थर. वालुकाश्म म्हणजे वाळू दाबून घट्ट होऊन झालेला खडक. मूळचा सपाट, पट्टीने आखल्यासारखा. हा थर मात्र ठरावीक अंतरावर चिमटे काढल्यासारखा आत गेलेला होता, आणि दोन चिमट्यांच्या मध्ये पोट सुटल्यासारखा फुगलेला. प्रत्येक चिमट्याच्या जागी, थराला काटकोनात, गारेची एक पांढरी शीर. मधोमध जाड, टोकांना निमुळती. शीर थराच्या कडेपर्यंत यायची आणि पाटीच्या दगडाला लागताच संपायची.

लिएजचे प्राध्यापक माक्स लोएस्त यांना हा प्रकार ‘बुदँ’सारखा वाटला. बुदँ म्हणजे फ्रेंच खाण्यातला सॉसेजचा एक प्रकार. गोव्याच्या बाजारात चोरीसच्या माळा टांगलेल्या असतात, दोऱ्याने आवळलेल्या आणि मधे टम्म फुगलेल्या. ती माळ आडवी करून दगडात चिणली तर जसे दिसेल, तसेच काहीसे. त्या शब्दावरून ‘बुदिनाझ’ ही संज्ञा रूढ झाली आणि आज जगातला भूशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ती शिकतो.

बास्तोन्य आता दुसऱ्याच कारणाने ओळखले जाते. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मन फौजांनी या गावाला वेढा घातला आणि आतल्या अमेरिकी सैनिकांनी शरण यायला नकार दिला. ते प्रकरण लष्करी इतिहासवाल्यांचे. आपले प्रकरण त्या पांढऱ्या शिरांचे आहे. त्या थराला कोणीतरी दोन्ही टोकांनी ओढले होते, की दोन्ही टोकांनी दाबले होते? दिसायला दोन्ही सारखेच. उत्तरे मात्र एकमेकांच्या विरुद्ध.

एखादी गोष्ट पक्की, न बदलणारी असली की आपण तिला काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. खडकातली शीर न पुसणारी आहे यात शंका नाही. आर्देनमधल्या शिरा तीस कोटी वर्षांहून अधिक काळ टिकल्या आहेत. पण रेघ पक्की असली म्हणून तिचा अर्थ पक्का असतो असे नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला गार काही नवी नाही. अजिंठा-वेरूळच्या वाटेवर स्फटिकांचे तुकडे विकायला मांडलेले असतात, आणि सिन्नरला तर ‘गारगोटी’ याच नावाचे संग्रहालय आहे. पण आपल्याकडचे हे स्फटिक बहुतेक बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढलेले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि पुढे पाझरत्या पाण्याने त्यांत खनिजे आणून ठेवली. जागा आधीपासून रिकामी होती, बिऱ्हाड नंतर आले. अशा पोकळीतला स्फटिक कितीही देखणा असला, तरी त्या काळी जमीन कोणत्या दिशेने ओढली जात होती हे तो सांगू शकत नाही. शिरेचे तसे नाही. तिथे आधी जागाच नव्हती. खडक फाटला म्हणून जागा झाली, आणि तो ज्या बाजूला फाटला ती बाजू शिरेत कायमची नोंदली गेली.

आता अडचण अशी, की एवढ्या खोलवर खडक फाटतो तरी कसा? जमिनीखाली १० किलोमीटरवर वरच्या खडकांचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २,६०० पट असतो. चहूबाजूंनी एवढे दाबल्यावर भेग उघडी राहायला वाव कुठे? उत्तर पाण्यात आहे. वाळूच्या कणांमध्ये अडकलेले समुद्राचे पाणी, आणि चिखलातली खनिजे तापल्यावर त्यांतून सुटणारे पाणी. वर पाटीच्या दगडाचे किंवा चिखलखडकाचे झाकण असले की या पाण्याला बाहेर पडता येत नाही. थर आणखी गाडले जातात, पाणी आणखी तापते, आणि त्याचा दाब वाढत वाढत वरच्या खडकांच्या भाराशी बरोबरी करू लागतो. मग दगडाला फाडायला फारसे बळ लागत नाही, कारण दगड दाबाला जेवढा खंबीर तेवढाच ताणाला कच्चा. पाण्याचा दाब सर्वांत कमी आवळणाऱ्या दिशेच्या दाबाला ओलांडून थोडासा वर गेला, की त्या दिशेला काटकोनात भेग पडते.

प्रेशर कुकरची शिट्टी हे याचे घरगुती रूप. वाफ कोंडते, शिट्टी उचलली जाते, वाफ निसटते, शिट्टी पुन्हा बसते. खडकात फरक एवढाच की दाब एकदम उतरताच पाण्यात विरघळलेली सिलिका भेगेच्या भिंतींवर गारेच्या रूपाने बसू लागते, आणि शिट्टीच बुजून जाते. मग पुन्हा दाब साचतो. न्यूझीलंडचे रिचर्ड सिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मोठ्या भ्रंशांच्या, म्हणजे खडक तुटून जिथे सरकतात त्या भेगांच्या, बाबतीत हेच चक्र मांडले. भ्रंश भूकंपाच्या वेळी झडपेसारखा उघडतो, खालचे पाणी वर सुटते, गार बसते, झडप बंद होते.

भेगेतल्या पाण्याचा दाब खडकाला हलवू शकतो, हे महाराष्ट्राने स्वतः भोगले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयातले पाणी खाली मुरून भेगांमधला दाब बदलणे हे त्यामागचे कारण मानले जाते, आणि जगभरच्या पुस्तकांत कोयनेचे नाव येते ते याच संदर्भात. तिथला खडक वेगळा, खोली वेगळी, काळ तर आजचाच. पाण्याचे वागणे मात्र तेच.

गार येते कुठून, याचे उत्तर त्याहून गमतीचे आहे. काही वेळा ती दुरून, खोलातून वाहत्या पाण्याबरोबर येते. पण पुष्कळदा शेजारच्याच वालुकाश्मातून येते. वाळूचे दोन कण एकमेकांवर जिथे सर्वांत जोरात दाबले जातात, तिथे ते कणाकणाने विरघळतात. विरघळलेली सिलिका पाण्याच्या पातळ पापुद्र्यातून सरकत सरकत जवळच्या भेगेत पोचते, आणि दाब कमी असल्यामुळे तिथे पुन्हा स्फटिक होते. म्हणून अनेक खडकांत पांढऱ्या शिरांना काटकोनात काळसर, नागमोडी रेषा दिसतात. तिथून माल उचलला गेला आणि जे विरघळले नाही ते मागे राहिले. या खिशातले काढून त्या खिशात. एका दिशेने खडक आखूड झाला, दुसऱ्या दिशेने लांब झाला, आणि दोन्ही व्यवहारांची नोंद एकाच हातभर दगडात सापडते.

लांब होण्याचा हिशोब मांडायलाही सोपा आहे. समजा, वालुकाश्माच्या थरावर १० मीटरची टेप लावली आणि वाटेत येणाऱ्या सगळ्या शिरांची जाडी मिळवली. बेरीज ४० सेंटिमीटर आली तर मूळ थर ९ मीटर ६० सेंटिमीटरचा होता, आणि तो चार टक्क्यांहून थोडा जास्त ताणला गेला. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा ताण मोजायला एक टेप आणि एक वही पुरते. भूशास्त्रात इतके स्वस्त काम फार थोडे.

पण या ४० सेंटिमीटरांतली एकेक भेग एका झटक्यात उघडली का? शिरेची एक चकती कापून ती ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासली की दगड काचेसारखा पारदर्शक होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बारीक बुडबुड्यांच्या आणि भिंतीपासून सुटलेल्या कणांच्या रांगा दिसतात, एकामागून एक, भिंतीला समांतर, आखीव वहीच्या ओळींसारख्या. दोन रांगांमधले अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांचे. प्रत्येक ओळ म्हणजे एकदा उघडलेली आणि पुन्हा सांधलेली भेग. अंतर ०.०२ मिलिमीटर धरले तर दोन सेंटिमीटर जाडीच्या शिरेत अशी हजार वेळा फाटाफाट आणि सांधणी झालेली असते. लंडनला आणि पुढे झुरिकला शिकवणारे जॉन रॅम्झी यांनी १९८० मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले आणि ‘फाटणे-सांधणे’ या साध्या जोडीवर तिचे नाव बेतले. रॅम्झी चेलो वाजवत, संगीतरचनाही करत. त्यांना दगडात ठेका ऐकू आला यात नवल वाटू नये.

गारेचा दुधी रंग हाही त्या बुडबुड्यांचाच परिणाम. शुद्ध गार पाण्यासारखी नितळ असते. शिरेतली पांढरी दिसते कारण तिच्यात लाखो सूक्ष्म थेंब कोंडलेले असतात आणि ते प्रकाश विखुरतात. हे थेंब म्हणजे त्या काळचे पाणी, अगदी मूळचे. खोलवर तापलेले असताना ते पोकळी पूर्ण भरून होते. थंड झाल्यावर आकसले आणि आत वाफेचा एक इवलासा फुगा झाला. हीच चकती सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवली की तो फुगा लहान होत होत एका तापमानाला नाहीसा होतो. भेग सांधली तेव्हा खडक निदान तेवढा तरी गरम होता. ही कल्पना शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८५८ मध्येच मांडली होती. बास्तोन्यच्या शिरांचे तापमान ४०० अंश सेल्सियसच्या आसपास निघते.

आता इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला जाऊ. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर हार्टलँड की, ब्यूड, मिलूक हेवन, क्रॅकिंग्टन हेवन अशी एकाखाली एक ठिकाणे आहेत. समुद्राने तासलेल्या कड्यांत सुमारे ३१ ते ३२ कोटी वर्षांपूर्वीचे वालुकाश्म आणि चिखलखडक आलटून पालटून रचलेले, आणि कागदी पंख्यासारखे मुडपलेले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने २०१४ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधल्या शंभर भूस्थळांची यादी केली, तेव्हा घड्या आणि भ्रंशांच्या गटात लोकांनी पहिली पसंती दिली ती मिलूकच्या नागमोडी कड्याला.

हे कोणी मुडपले? त्या काळी दक्षिणेकडचा गोंडवन नावाचा महाखंड उत्तरेकडच्या भूभागावर येऊन आदळत होता. मधला समुद्र मिटला, आणि आजच्या पोर्तुगालपासून जर्मनीच्या पुढपर्यंत एक पर्वतरांग उभी राहिली. ती आता झिजून गेली आहे; आर्देन, कॉर्नवॉल हे तिचे बुंधे. गोंडवन हे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडले, ज्यात चंद्रपूर-गडचिरोलीही येतात, आणि आपला भूभाग त्याच महाखंडात होता, टकरीच्या जागेपासून पुष्कळ लांब. म्हणजे कॉर्नवॉलच्या दगडाला बसलेल्या धक्क्याला गोंडांच्या मुलखाचे नाव आहे. नात्याचा धागा लांबचा, पण खरा.

या किनाऱ्यावरच्या वालुकाश्मात शिरांची एक वेगळीच ठेवण दिसते. एक मोठी शीर नाही. वीतभर लांबीच्या अनेक छोट्या शिरा, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या, एका पट्ट्यात ओळीने उभ्या. पुष्कळ ठिकाणी यांतली प्रत्येक शीर सरळ नसते, ती अवग्रहाच्या चिन्हासारखी वळलेली असते: ऽ. किंवा आरशातल्या अवग्रहासारखी. खडकावर कोणीतरी पांढऱ्या खडूने ऽ ऽ ऽ ऽ असे लिहीत गेल्यासारखे वाटते.

कारण समजायला गणपतीची शाडू माती घ्यावी. दोन फळ्या कडेला कड लावून शेजारी ठेवायच्या, त्यांवर मातीचा बोटभर जाड थर थापायचा, तो थोडा सुकू द्यायचा, आणि मग एक फळी दुसरीला घासून हळूच पुढे सरकवायची. सांध्यावर एक सलग भेग पडेल असे वाटते. पडत नाही. सांध्याला साधारण ४५ अंशांत तिरक्या, छोट्या छोट्या भेगांची रांग उमटते. सरकण्यामुळे माती एका तिरक्या दिशेने ओढली जाते, आणि त्या ओढीला काटकोनात ती फाटते. सरकवत राहिलात की आधी पडलेल्या भेगांचा मधला भाग पट्ट्याबरोबर फिरू लागतो. टोके मात्र नव्या मातीत शिरत असतात, आणि नवी भेग पुन्हा ४५ अंशांनीच पडते. मध्य फिरलेला, टोके सरळ: अवग्रह तयार. माती फार ओली असेल तर प्रयोग फसतो. मग नुसताच चिखल.

म्हणून अशा शिरेत मधला भाग सर्वांत जुना आणि टोके सर्वांत नवी. अवग्रह कोणत्या बाजूला वळला आहे त्यावरून पट्ट्याची कोणती बाजू कुठे सरकली ते कळते, आणि मधला भाग किती अंशांनी फिरला त्यावरून किती सरकली तेही. दोन पट्टे एकमेकांना छेदत असतील, एकातले अवग्रह सुलटे आणि दुसऱ्यातले उलटे असतील, तर त्या दोन पट्ट्यांमधला कोन दुभागून दाब कुठून आला हे वहीत बाण काढून दाखवता येते.

याच कड्यांत घड्यांच्या उतारांवर आणखी एक नोंद आहे, आणि ती वाचायला डोळेही लागत नाहीत. जाड पुस्तक मधोमध वाकवले की पाने एकमेकांवरून सरकतात. थरही तसेच सरकले. दोन थरांच्या मध्ये भेगेची अरुंद फट उघडत गेली आणि तीत गारेचे किंवा कॅल्साइटचे धागे, सरकण्याच्या दिशेला समांतर, वाढत गेले. वरचा थर झडून गेला की खालच्या थरावर हे धागेदार, पांढरे आवरण उघडे पडते. त्यावरून तळहात फिरवावा. एका दिशेने तो मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा सुळकन जातो. उलट दिशेने फिरवला की बारीक पायऱ्या बोटांना अडतात. हात सुळकन गेला ती दिशा म्हणजे झडून गेलेला थर ज्या दिशेने गेला ती. घडीच्या दोन उतारांवर या दिशा एकमेकींच्या उलट निघतात, आणि दोन्ही घडीच्या माथ्याकडे बोट दाखवतात.

माथ्यावर काय होते? वहीचा गठ्ठा मधोमध टोकदार दुमडून पाहा. कडक पुठ्ठे अगदी टोकाला एकमेकांना चिकटून राहत नाहीत. त्यांच्यात त्रिकोणी पोकळी उरते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बेंडिगो हे गाव या पोकळ्यांवर श्रीमंत झाले. तिथले वालुकाश्म आणि पाटीचे दगड सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी घट्ट, टोकदार घड्यांत मुडपले गेले. माथ्यावरच्या पोकळ्यांत गार भरली, आणि गारेबरोबर सोने. उभ्या छेदात ही गार घोड्याच्या पाठीवर टाकलेल्या खोगिरासारखी दिसते, वर जाड आणि दोन्ही बाजूंना खाली उतरत निमुळती होणारी. खाणकामगारांनी तिला ‘सॅडल रीफ’ हेच नाव दिले. १८५१ मध्ये तिथे सोने सापडले तेव्हा लोक ओढ्यातली वाळू गाळत होते. पुढे खोगिरे हाती लागली. थर एकावर एक असल्यामुळे एका खोगिराखाली सरळ रेषेत दुसरे असणार, त्याखाली तिसरे, हे खाणीत उतरणाऱ्यांनी ताडले. भूशास्त्राचा सिद्धांत म्हणून नव्हे, पोटासाठी. जॉर्ज लान्सेल नावाच्या गृहस्थाने याच भरवशावर आणखी आणखी खोल खणायला पैसे लावले आणि ‘क्वार्ट्झचा राजा’, म्हणजे गारेचा राजा, म्हणून नाव कमावले. तिथली सर्वांत खोल विहीर सुमारे १,४०० मीटरपर्यंत गेली, आणि साऱ्या परिसरातून साडेसहाशे टनांहून अधिक सोने निघाले. खोगिराच्या उतरत्या बाजूंच्या गारेत पाटीच्या दगडाचे कागदासारखे पातळ काळे पदर असतात, पांढऱ्या-काळ्या फिती शेजारी शेजारी ठेवल्यासारखे. रॅम्झींनी सूक्ष्मदर्शकात वाचलेले फाटणे-सांधणे इथे मेणबत्तीच्या उजेडातही दिसत होते.

इथवर वाचून शीर म्हणजे उघडे पुस्तक असे वाटायला लागले असेल. तसे ते नाही, आणि या विद्येत मला स्वतःला सर्वांत रस आहे तो तिच्या चुकांमध्ये. १९७३ मध्ये डर्नी आणि रॅम्झी यांनी दाखवले की शिरेतले वाकडे धागे म्हणजे भेग कोणकोणत्या दिशेने उघडत गेली याचा माग आहे. धागा वाकला तिथे दिशा बदलली. देखणी कल्पना. पुढची अनेक वर्षे लोक धाग्यांची वळणे मोजत बसले. मग १९९१ मध्ये यानोश उराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी शंका काढली: स्फटिकाला काय माहीत भिंत कुठे गेली? भिंत खडबडीत असेल आणि दर वेळची फट अगदी बारीक असेल, तरच वाढता स्फटिक भिंतीच्या खाचेत अडकून तिच्या मागे मागे जातो. फट मोठी असेल किंवा भिंत गुळगुळीत असेल तर तो आपल्या मर्जीने वाढतो. काही धागे साक्षीदार आहेत, काही नुसतेच धागे. ओळखायचे कसे, यासाठी आता प्रत्येक शिरेची उलटतपासणी करावी लागते. अवग्रहाचेही तेच. शेजारच्या दोन भेगा वाढता वाढता एकमेकींच्या जवळ आल्या, तर मधला दगडाचा पूल वाकून अगदी तसाच आकार काही वेळा तयार होतो, फारसे न सरकताही.

बास्तोन्यच्या शिरांची उलटतपासणी लूव्हेन विद्यापीठातल्या इल्से केनिस, मॅन्युएल सिंटुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत केली. त्यांच्या हाती थेंबांची तापमाने होती, शिरांच्या जागा होत्या आणि दगडाच्या वागण्याची संगणकावरची गणिते होती. त्यातून जुळलेली गोष्ट अशी.

सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. वाळू आणि चिखल साठत होते, तळ खचत होता. थर अनेक किलोमीटर खाली गेले. वालुकाश्म कडक, ठिसूळ. पाटीचा दगड मऊ, लोण्यासारखा न फाटता पसरणारा. पाण्याचा दाब चढला, वालुकाश्म फाटला, पाटीचा दगड फाटला नाही. शिरा वालुकाश्माच्या कडेलाच संपतात त्या म्हणून. याचा घड्यांशी काहीही संबंध नव्हता. पर्वत अजून उभा राहायचा होता. थर सपाटच होता, फक्त त्यात ठरावीक अंतरावर गारेच्या पांढऱ्या पाचरी बसलेल्या.

मग गोंडवनाची टक्कर आली, आणि दाब आला तो नेमका ज्या दिशेने आधी ताण होता त्याच दिशेने, थराच्या लांबीवर. शिरा आता मिटायला हव्या होत्या. पण शिरेतली गार मोठ्या स्फटिकांची, एकसंध, तिच्यात विरघळून वाट काढायला कणांच्या सांध्यांचे जाळे नाही. शेजारचा वालुकाश्म बारीक कणांचा, सांध्यासांध्यावर पाणी असलेला, म्हणून तोच विरघळत, सरकत आखूड झाला. आखूड झाला तसा वर-खाली फुगला. शिरांनी मात्र आपली उंची सोडली नाही, आणि दोन फुगवट्यांच्या मध्ये त्या खाचेत अडकल्यासारख्या राहिल्या. पोट सुटले ते ओढल्यामुळे नव्हे, दोन्ही बाजूंनी दाबल्यामुळे. अशा रचनेला ‘मलिअन’ म्हणतात. मूळ शब्द जुन्या चर्चच्या खिडक्यांतल्या उभ्या दगडी खांबांचा.

शेजारच्या जर्मनीत, आयफेलच्या डोंगरात रुर जलाशयाच्या काठी त्याच पर्वतपट्ट्यातले त्याच वयाचे खडक उघडे पडले आहेत, आणि तिथे या उलटफेराचा मधला क्षणही सापडला. तिथे आधी थरांना काटकोनात असलेल्या शिरा आहेत, ताणाच्या काळातल्या. त्यांना छेदून जाणाऱ्या दुसऱ्या शिरा थरांना समांतर आहेत, म्हणजे त्या काळी आडव्या. जी छेदते ती नंतरची, हा नियम इथे विनावाद लागू पडतो. आता आडवी शीर उघडायची तर वरचा सगळा खडक उचलला जायला हवा. तो पाण्याने उचलला. आडवा दाब इतका वाढला की सर्वांत कमी आवळणारी दिशा आता उभी झाली, आणि कोंडलेल्या पाण्याने अनेक किलोमीटरचा भार केसभर वर रेटून त्या फटीत गार भरली. पुन्हा रेटला, पुन्हा भरली. मग थर वाकायला लागले आणि या आडव्या शिराही थरांबरोबर घडीत गेल्या.

म्हणजे बास्तोन्यच्या खाणीतली ती पांढरी रेघ ताणाच्या काळात ओढली गेली आणि दाबाच्या काळात तिच्या भोवतीचा दगड फुगला. एका चित्रात दोन काळ, दोन उलट्या दिशा; १९०८ मध्ये आणि त्यानंतरही बघणाऱ्यांना ते एकच चित्र वाटले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज ‘बुदिनाझ’ म्हणजे ताणून तुकडे पडलेला थर, आणि असे थर आल्प्सपासून हिमालयापर्यंत कितीतरी ठिकाणी आहेत. ज्या खाणीवरून हे नाव पडले तिथला थर मात्र दाबून फुगलेला निघाला. नाव बदलायच्या भानगडीत कोणी पडले नाही.